तक्रारीला तारीख हवी

ऐन संध्याकाळी लाइट जाते आणि वायरमनचा फोन लागत नाही. मंडईत भाजीचे पैसे खात्यातून वळते होतात, पण भाजीवाल्या मावशींच्या स्पीकरवर काही वाजत नाही. वॉशिंग मशीन अजून वॉरंटीत आहे, कंपनीचा माणूस "उद्या येतो" म्हणतो, आणि असे कितीतरी उद्या निघून जातात. यातलं एकही दुःख मोठं नाही. तरी अशा बारीकसारीक गोष्टींनीच जीव मेटाकुटीला येतो. त्यातही सगळ्यात जास्त त्रास होतो तो घरातल्या बाईला किंवा निवृत्त माणसाला, कारण दिवसभर दाराकडे डोळे लावून बसणं त्यांच्या वाट्याला येतं.

सातारा काय आणि सांगली काय, आपल्याकडे अजून ओळखीचं जग आहे. वायरमन गावातला, गॅस एजन्सीतला मुलगा भाच्याच्या वर्गातला, पतसंस्थेचे मॅनेजर पाहुण्यांतले. "दादा, जरा बघा की" म्हटलं की काम होतं. हे आपलं सुख आहे आणि ते टिकायला हवं. पण काम झालं नाही की हीच ओळख आड येते. लेखी कसं द्यायचं, वाईट दिसेल, असं म्हणत आपण गप्प बसतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते अशा वेळी पुरेपूर पटतं.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. नोंदवलेली तक्रार म्हणजे भांडण नव्हे. तारीख आणि क्रमांक असलेली तक्रार पुढे सरकते. बाकीचा नुसता त्रागा असतो, तो घरातल्या घरात विरतो. शिवाय नोंद असली की आपल्या ओळखीच्या वायरमनलाही वरच्या साहेबांकडे सामान मागायला आधार मिळतो.

आधी पाच मिनिटं घरातच

मिस्त्रीला बोलावण्याआधी थोडं आपणच बघावं. निम्मी दुखणी तिथेच कळतात.

कांदा-लसूण चटणीच्या दिवसांत मिक्सर अचानक बंद पडल्याचं अनेक घरांत घडतं. डंकावर जायला वेळ नाही म्हणून सुकं खोबरं आणि मिरच्या भांड्यात गच्च भरल्या जातात, मोटार तापते आणि मिक्सर गप्प होतो. तो बहुतेक वेळा जळालेला नसतो. प्लग काढा, मिक्सर उलटा करा. बऱ्याच मिक्सरांच्या बुडाशी एक लहान बटण असतं, बहुधा लाल रंगाचं. मोटारीवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि प्रवाह तोडतं. अर्धा तास मिक्सर गार होऊ द्या, बटण आत दाबा आणि भांडं निम्मं भरून थांबत थांबत फिरवा. जळका वास आला असेल किंवा बटण पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मात्र दुकानाची वाट धरा.

वॉशिंग मशीन पाणी हळू भरत असेल, तर नळाला जोडलेल्या पाइपच्या टोकाची बारीक जाळी काढून धुवा. पावसाळ्यात गढूळ पाण्यातला गाळ तिथे बसतो. समोरून दार उघडणारं मशीन पाणी सोडत नसेल, तर खालच्या कोपऱ्यात झाकणाआड फिल्टर असतो. खाली ताट आणि जुनं फडकं ठेवून तो सावकाश फिरवा. नाणी, सेफ्टी पिना, शाळेच्या शर्टाची बटणं असं काहीबाही तिथे सापडतं.

मेन बोर्डावरचा स्विच सारखा खाली पडत असेल, तर तो दाबून धरू नका. घरातले सगळे प्लग काढा, स्विच वर करा आणि एकेक वस्तू लावत जा. जी लावल्यावर स्विच पडतो, तिच्यात दोष आहे. बहुतेक वेळा गीझर, पाण्याची मोटार किंवा ओल आलेला प्लग निघतो. काहीही लावलेलं नसताना स्विच पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे, तिथे इलेक्ट्रिशियनच हवा. बोर्डावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असलेला स्विच असेल, तर महिन्यातून एकदा ते दाबून बघा. लाइट लगेच गेली पाहिजे. गेली नाही, तर शॉकपासून वाचवणारा तो स्विच निकामी झाला आहे, लगेच बदलून घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डीपीवरचा, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, डीओ (फ्यूज) उडाला तर काठी घेऊन स्वतः बसवायला जाऊ नका, आणि गल्लीतल्या कुणा पोरालाही जाऊ देऊ नका. तासाभराच्या अंधारापेक्षा जीव मोलाचा आहे.

एक वही, घरातल्या सगळ्यांसाठी

तक्रार करायला बसलं की पहिला प्रश्न येतो, "ग्राहक क्रमांक सांगा." आणि मग बिल शोधण्यात फोन कट होतो. त्यासाठी एक शंभर पानी वही करा आणि घरातल्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते ठाऊक असू द्या. तिच्यात वीजबिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक, गॅसचा ग्राहक क्रमांक, बँकेच्या शाखेचं नाव, इंटरनेटचा खाते क्रमांक आणि प्रत्येक मोबाइलचा आयएमईआय क्रमांक लिहून ठेवा. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की हा क्रमांक दिसतो. पासवर्ड आणि पिन या वहीत लिहू नका.

वस्तू घेतली त्या दिवशीच बिलाचा आणि वॉरंटी कार्डाचा फोटो काढा. दुकानदाराचा शिक्का आणि तारीख कार्डावर आहे ना, ते दुकानातच बघा. थर्मल कागदावरची पावती वर्षभरात पांढरी पडते, म्हणून फोटो हवाच.

वहीची मागची पानं तक्रारींसाठी ठेवा: तारीख, कुणाशी बोललो, काय सांगितलं, तक्रार क्रमांक काय मिळाला. फोन ठेवण्याआधी क्रमांक मागून घ्यायचाच. "साहेब, नंबर सांगा, लिहून घेते," एवढं म्हटलं तरी पलीकडच्या माणसाचा सूर बदलतो.

वीज: बिल आणि बत्ती

वीज गेल्याची तक्रार महावितरणच्या १९१२ किंवा १९१२० या क्रमांकावर चोवीस तास घेतली जाते. ओळखीच्या वायरमनला जरूर फोन करा, पण या क्रमांकावर नोंदही करा. वीज पुरवठा किती वेळात पूर्ववत व्हावा, याची मानकं महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवून दिलेली आहेत आणि ती न पाळल्यास भरपाईची तरतूद आहे. पण वेळ मोजायची तर ती कधीपासून? तक्रार नोंदल्यापासून. नोंदच नसेल, तर भरपाई मागायची कशाच्या जोरावर?

बिल अचानक वाढलं, तर आधी बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळवा. आदल्या महिन्यांत घर बंद होतं म्हणून सरासरी बिल आलं असेल, तर मागचं सगळं एकदम चढतं. अशा वेळी त्या सगळ्या महिन्यांचा स्लॅबचा फायदा मिळाला का, ते विचारा. नाहीतर जास्त युनिटच्या चढ्या दराने बिल लागतं. जुना मीटर असेल, तर महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवता येतं.

बिलाचा वाद चालू असताना वीज तोडतील या धास्तीने लोक गप्प बसतात. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ मध्ये याला सोय आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि थकबाकीसाठी तोडायची तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कार्यालयात दाद लागली नाही, तर पुढची पायरी म्हणजे ग्राहक तक्रार निवारण मंच. सांगली जिल्हा महावितरणच्या कोल्हापूर परिमंडळात येतो, सातारा बारामती परिमंडळात. मंचाच्या निर्णयानेही समाधान झालं नाही, तर विद्युत लोकपाल आहेत.

गॅस: वजन, तारीख आणि वास

टाकी दारात आली की दोन गोष्टी बघायच्या. पहिली वजनाची. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर यायला हवी. वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यात संकोच नको. दुसरी गोष्ट तारखेची. टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. त्या तिमाहीपर्यंत टाकीची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी परत करा. घरपोच आणून देण्याचा आकार बिलात धरलेला असतो, म्हणून बिलाइतकेच पैसे द्या.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नका; दिवा लावू नका, लागलेला विझवूही नका. बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. रबरी नळीवर छापलेली तारीख आजच बघा. पाच वर्षं झाली की ती बदलायची.

पैसे गेले, पोचले नाहीत

यूपीआयने पैसे पाठवले, खात्यातून गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाबरून लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने याची मुदत ठरवून दिली आहे. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारे पैसे अडकले, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराला केलेला भरणा अडकला किंवा एटीएममधून नोटा न येता पैसे कापले गेले, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने आपणहून द्यायची आहे. ॲपमधल्या व्यवहारावर बोट ठेवून तिथूनच तक्रार नोंदवा आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक वहीत उतरवा. चुकीच्या नंबरावर तुम्हीच पैसे पाठवले असतील, तर हा नियम लागू होत नाही. तेव्हा बँकेत तात्काळ लेखी कळवावं लागतं.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत दाद मागता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मात्र एक फरक लक्षात ठेवायला हवा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्या तक्रारी लोकपाल घेत नाहीत. त्या सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात, म्हणजे तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक यांच्याकडे द्यायच्या.

आणि एक धोका. कंपनीचा तक्रार क्रमांक इंटरनेटवर शोधून मिळेल त्या नंबरवर फोन करू नका. भामट्यांनी तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. नंबर बिलावरून, कार्डाच्या मागून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा," असे मेसेज महावितरण पाठवत नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजू नका, त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसताना तिऱ्हाइताने पैसे काढले असतील आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार तुमच्यावर भुर्दंड पडत नाही. जितका उशीर, तितका हक्क पातळ होतो.

फोन आणि नेट

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराकडच्या भागात पावसाळ्यात रेंज जाणं नवं नाही. कंपनीच्या १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. निकाल लागला नाही, तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथेही काही झालं नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. मोबाइल कंपनीविरुद्धची तक्रार ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन हरवला, तर पोलिसांत नोंद करून 'संचार साथी' संकेतस्थळावर तो बंद करून घ्या. वहीतला आयएमईआय क्रमांक इथे कामी येतो.

फोन पाण्यात पडला, तर लगेच बंद करा, सिम काढा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवून फारसं काही साधत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते. वारा लागेल अशा जागी उभा करून ठेवा.

पुरानंतरचं घर

सांगलीकराला आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी वेगळी सांगावी लागत नाही. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच दुखणं. पाणी ओसरल्यावर घाईने लाइट चालू करण्यात मोठा धोका असतो. मेन स्विच बंदच ठेवा. मीटर बुडाला असेल, तर महावितरणच्या माणसाने बघितल्याशिवाय पुरवठा सुरू करू नका. फ्रिज, पंप, मशीन आतून सुकल्याची मिस्त्रीने खात्री केल्यावरच लावा, नाहीतर दुरुस्त होण्याजोगी वस्तूही जळून जाते.

साफसफाईआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेघ, प्रत्येक वस्तू आणि तिच्या मागचा सिरियल नंबर. पंचनाम्याला आणि विम्याला हेच पुरावे लागतात. विमा असेल, तर कंपनीला लगेच लेखी कळवा आणि बुडालेली वस्तू त्यांच्या माणसाने बघेपर्यंत भंगारात देऊ नका.

मिस्त्रीशी व्यवहार

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये ज्या माळरानावर कारखाना उभारला, ती किर्लोस्करवाडी आपल्याच सांगली जिल्ह्यातली. हाताला यंत्र कळणारी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गावातल्या मिस्त्रीवर भरवसा ठेवा, पण व्यवहार चोख असू द्या. नुसतं बघायला येण्याचे किती, सुट्या भागाचे किती, मजुरी किती, हे काम सुरू होण्याआधी ठरवा. काढलेला जुना भाग परत मागा. कोणता भाग बदलला आणि त्याची हमी किती दिवसांची, हे कागदावर लिहून घ्या. चांगला कारागीर याने दुखावत नाही.

वस्तू वॉरंटीत असेल, तर मात्र आधी कंपनीकडेच जा. बाहेर उघडली तर वॉरंटी जाऊ शकते. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. तिथे अनेक कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एकत्र मिळते.

लेखी तक्रार अशी लिहा

लांबलचक रागाचं पत्र कुणी वाचत नाही. घडलं काय, कधी घडलं, हवं काय आणि किती दिवसांत, एवढंच लिहा. उदाहरणार्थ:

"मा. व्यवस्थापक यांस, मी आपल्या दुकानातून ५ मार्च रोजी वॉशिंग मशीन घेतले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. २ जूनपासून मशीन पाणी सोडत नाही. ३ जून रोजी आपल्या सेवा केंद्राकडे तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक सोबत दिला आहे. ९ जून आणि १४ जून रोजी कारागीर येणार असे सांगण्यात आले, परंतु कोणी आले नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मशीन विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून द्यावे. तसे न झाल्यास मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. आपली विश्वासू."

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवा किंवा ईमेल करा. बहुतेक प्रकरणं या पत्रावरच मिटतात.

मिटलं नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. सातारा आणि सांगली, दोन्हीकडे तो आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे मोठी सोय झाली आहे. कंपनी गुरुग्रामची असो की बंगळुरूची, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका. निकालाला वेळ लागतो, हे मनाशी धरूनच जा. मार्गदर्शन हवं असेल, तर बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते गावोगावी आहेत, त्यांना विचारा.

सरकारी दाखल्यांसाठी वेगळा रस्ता आहे. राज्याच्या लोकसेवा हक्क कायदा २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. अर्जाची पोच घ्या. मुदतीत दाखला मिळाला नाही, तर अपील करा. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

या रविवारी एवढं करा

वही आणा आणि सगळे क्रमांक उतरवा. गॅसच्या नळीची तारीख बघा. बोर्डावरचं टेस्ट बटण दाबा. घरातल्या वस्तूंची बिलं गोळा करून फोटो काढा. फोनमध्ये १९१२, १९०६, १९३० आणि १९१५ हे चार क्रमांक सेव्ह करा आणि आई-वडिलांच्या फोनमध्येही करून द्या.

पुढच्या वेळी गल्लीतली लाइट गेली, की शेजारच्या घरानेही स्वतःच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवावी, असं सांगा. एका डीपीवरच्या दहा घरांतून एकाच घराने फोन केला, तर तो एका घराचा त्रास ठरतो. दहाही घरांच्या नोंदी दर वेळी पडत गेल्या, की डीपीच बदलायला हवी, हे महावितरणच्या कागदावर दिसतं आणि ते आपल्याला कुणाच्या ओळखीशिवाय मागता येतं.